जुनी ट्यून, नवा सुपरहीरो: एका रात्रीत एकच बघायचा तर कुठला?

माझी भाची सतरा वर्षांची आहे, ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते, आणि मागच्या महिन्यात तिने फोनवर विचारलं की मावशी, सुपरमॅनचे एवढे पिक्चर आहेत, मला म्युझिकसाठी एकच बघायचाय, कुठला बघू? मी म्हटलं थांब, सांगते, आणि अर्धा तास बोलत बसले तरी उत्तर पूर्ण झालं नाही, म्हणून आता नीट लिहून काढतेय. कारण हा प्रश्न फक्त तिचा नाहीये, हल्ली प्रत्येक दुसऱ्या सुपरहीरो पिक्चरमध्ये कुठली तरी जुनी थीम परत वाजते, लोक थिएटरात ओरडतात, आणि मग घरी बसून बघणाऱ्याला कळत नाही की ह्यातलं खरंच ऐकण्यासारखं कुठलंय आणि कुठे नुसती आठवण काढून दिलीय.

सगळ्यात आधी मूळ ट्यून. ती ऐकल्याशिवाय पुढची तुलना करून काही उपयोग नाही. १९७८ चा सुपरमॅन, दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, संगीत जॉन विल्यम्स, वाजवणारी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. पडदा उघडतो, एक लहान मूल कॉमिक वाचतंय, मग कॅमेरा आकाशात जातो आणि निळी नावं आपल्या अंगावर झेपावत येतात. खाली तंतुवाद्यं एकाच ठेक्यावर धावत असतात, वर ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, हळूहळू चढत जातं, आणि मग तो शेवटचा फटका बसतो जिथे सूर अक्षरशः ‘सु-पर-मॅन’ म्हणतात. म्हणून बघा, शब्द नाहीत तरी नाव ऐकू येतं. माझ्या मते हीच त्या ट्यूनची सगळ्यात मोठी ताकद आहे आणि नंतर आलेल्या प्रत्येकाची सगळ्यात मोठी अडचणही तीच आहे. ती वाजली की दुसरा कुणी हीरो डोळ्यापुढे येऊच शकत नाही, १९७८ चा सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्हच येतो.

आता पहिला पर्याय, २००६ चा सुपरमॅन रिटर्न्स. दिग्दर्शक ब्रायन सिंगर, संगीत जॉन ऑटमन, आणि हा ऑटमन त्याच पिक्चरचा एडिटर पण होता, म्हणजे सीन कापणारा आणि त्याला सूर देणारा माणूस एकच. ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं की विल्यम्सची थीम ठेवायची, त्यामुळे सुरुवातीचे टायटल्स जवळपास १९७८ सारखेच, तीच उडती नावं, तोच मार्च, पण रेकॉर्डिंग नवीन आणि साउंड एकदम स्वच्छ. चांगले स्पीकर असतील तर ही सुरुवात ऐकाच, खालचा बास पोटात जाणवतो. आणि विमान वाचवायचा सीन, जिथे ते विमान भरलेल्या बेसबॉल स्टेडियममध्ये अलगद टेकवलं जातं, तो सीन आणि ती थीम एकमेकांना शोभतात.

पण (आणि हे मी खूप प्रेमाने सांगतेय कारण मला हा पिक्चर आवडतो) १५४ मिनिटांच्या ह्या पिक्चरमध्ये ट्यून जेवढी आनंदी आहे तेवढा आतला माणूस आनंदी नाहीये. तो पाच वर्षांनी परत आलाय, त्याची प्रेयसी लोइस दुसऱ्याबरोबर संसार करतेय, तो रात्री आकाशातून तिच्या घराकडे बघत राहतो. गोष्ट उदास आणि मार्च विजयाचा. थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याने घातल्यावर खांद्यात सैल बसतो ना, तसं काहीसं होतं. ऑटमनचं स्वतःचं हळवं संगीत त्या उदास जागांना जास्त जवळ जातं, पण आपलं लक्ष जुनं कधी वाजतंय इकडेच लागलेलं असतं आणि त्याचं काम झाकलं जातं, हे मला दर वेळी खटकतं.

ह्याच्या अगदी उलट टोकाला २०१३ चा मॅन ऑफ स्टील. झॅक स्नायडर, हान्स झिमर, आणि विल्यम्सचा एक सूरही नाही. म्हणजे जुनी ट्यून परत ऐकायची म्हणून बघणार असाल तर हा तुमच्यासाठी नाहीच, पण तुलना करायला हा पाहिजेच, कारण न वापरल्याने काय मिळतं ते इथे कळतं. झिमरने सुरुवात पियानोवर केलीय, अगदी दोन-चार सूर, कुणीतरी दुसऱ्या खोलीत एकटं बसून वाजवतंय असे, आणि तिथून ते वाढत वाढत भिंतीएवढं होतं. आणि ड्रम्स! त्याने ड्रमर एका वर्तुळात बसवले, जवळजवळ डझनभर, त्यात शीला ई आणि गायक फॅरेल विल्यम्ससारखी नावाजलेली मंडळी, आणि सगळ्यांनी एकत्र वाजवलं. माझ्या भाचीला मी हा ट्रॅक व्हॉट्सॅपवर पाठवला तर तिचा लगेच मेसेज, ‘हे तर आमच्या प्रॅक्टिससारखं वाटतंय, सगळे गोल करून.’ तिला ते पहिल्या दहा सेकंदात ऐकू आलं. एकटा वादक कितीही जोरात वाजवू दे, बारा जणांचा किंचित मागेपुढे पडणारा ठोका वेगळाच असतो, त्याला वजन असतं.

हा झाला फायदा. तोटा हा की पिक्चर संपल्यावर गुणगुणायला हातात फार काही लागत नाही. छातीत काहीतरी भरून येतं, पण ओठांवर येत नाही. लहान मुलांबरोबर बघणार असाल तर हा फरक लगेच दिसेल, १९७८ ची ट्यून पोरं दुसऱ्या दिवशी घरभर म्हणत फिरतात.

मधला रस्ता म्हणजे २०२५ चा सुपरमॅन, जेम्स गनचा, संगीत जॉन मर्फी आणि डेव्हिड फ्लेमिंग. मी ह्याच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण माझा जीव इथे अडकलाय. ह्याचा टीझर डिसेंबर २०२४ मध्ये आला तेव्हाच ऐकू आली ती विल्यम्सचीच ट्यून, पण इलेक्ट्रिक गिटारवर, आणि चित्रात काय तर सुपरमॅन बर्फात पडलाय, तोंडाला रक्त, धड श्वास घेता येत नाहीये, आणि तो शिटी मारून कुत्र्याला बोलावतोय. हे बघून मी तीन वेळा मागे घेऊन ऐकलं. कारण ही ट्यून आजवर उडणाऱ्या माणसाची होती, जिंकणाऱ्याची, आणि इथे ती हरलेल्या, बर्फात उताणा पडलेल्या माणसाच्या डोक्याशी वाजतेय. सूर तेच आहेत हो, पण आता त्यात ‘आला रे आला’ नाहीये, ‘ऊठ बाबा’ आहे. मला वाटतं जुनी थीम परत वापरण्याचं सगळं मर्म ह्या एका गोष्टीत आहे की ती तुम्ही कुठल्या क्षणाला लावता. त्याच क्षणाला लावली तर ती आठवण, आणि वेगळ्या क्षणाला लावून ती तिथेही खरी वाटली तर ती पुन्हा जिवंत झाली.

गनची पद्धत अशी की शूटिंगच्या आधीच संगीत लिहून घ्यायचं आणि ते सेटवर वाजवायचं, नटांच्या कानावर पडलं पाहिजे. तक्रार एवढीच की मर्फी-फ्लेमिंगचं स्वतःचं संगीत काही काही मारामाऱ्यांच्या जागी नुसता जोर लावतं आणि मग विल्यम्सचा तुकडा आला की एकदम खोली उजळल्यासारखी वाटते, म्हणजे दोघांमधलं अंतर कळतं. पण १२९ मिनिटांचा सुटसुटीत पिक्चर आहे, घरातले सगळे बसू शकतात, आणि मूळ पिक्चर न बघितलेल्यालाही काही अडत नाही.

आता बॅटमॅन. घरात पेटी असेल तर आत्ता काढा. पांढरी एकला सा धरा आणि वाजवा: सा, रे, कोमल ग, तिथून उडी मारून कोमल ध, आणि खाली प वर थांबा. झाली डॅनी एल्फमनची १९८९ ची बॅटमॅन थीम! पाचच सूर. तो ध वरून प वर उतरतो ना तिथे सगळा अंधार आहे, जिना चढता चढता वर कुणीतरी उभं दिसावं तसा. एल्फमन लंडनचा सेट बघून विमानाने परत येत होता तेव्हा त्याला हे सुचलं, विसरायला नको म्हणून तो टेपरेकॉर्डर घेऊन विमानाच्या टॉयलेटमध्ये जाऊन गुणगुणत होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय.

हीच थीम दोन नव्या पिक्चरमध्ये परत आली. २०१७ चा जस्टिस लीग आणि २०२३ चा द फ्लॅश. जस्टिस लीगमध्ये तर खुद्द एल्फमनच संगीतकार, म्हणजे माणूस स्वतःचीच चाल अठ्ठावीस वर्षांनी वापरतोय, ह्याहून जास्त हक्क कुणाचा? तरीपण बसत नाही. कारण ह्या बॅटमॅनला, बेन ॲफ्लेकच्या, आधीच्या पिक्चरमध्ये झिमर आणि जंकी एक्सएल ह्या संगीतकारांनी वेगळी ओळख दिली होती, आपण तिच्याशी जुळवून घेतलं होतं, आणि अचानक १९८९ च्या बॅटमॅनची, म्हणजे मायकल कीटनची ट्यून ॲफ्लेकच्या अंगावर. सुपरमॅन परत जिवंत होऊन आपल्याच लोकांवर धावून जातो तिथे विल्यम्सची थीम काळवंडून येते, कल्पना म्हणून फार सुंदर आहे, पण आवाजांच्या गर्दीत तुम्ही पाणी प्यायला वळलात तरी ती हुकेल. ह्या पिक्चरचा एक वेगळा उपयोग मात्र आहे. २०२१ मध्ये स्नायडरची चार तासांची आवृत्ती आली, तिला जंकी एक्सएलचं संपूर्ण वेगळं संगीत आहे. तीच गोष्ट, तेच नट, दोन संगीतं. शिकायची आवड असेल तर एकच प्रसंग दोन्हीकडे लावून बघा, पार्श्वसंगीत काय काय करू शकतं ते कळेल.

द फ्लॅशमध्ये बेंजामिन वॉलफिशने तेच पाच सूर वापरलेत पण तिथे स्वतः कीटन परत आलाय, म्हातारा झालेला, केस वाढलेले, आणि तो सूट घालतो तेव्हा थीम येते. बसते, कारण ट्यून तिच्या माणसाकडे परत गेली. बाकी पिक्चर मला फार भावला नाही, पण एवढ्यासाठी गुण देते.

माणसाबरोबर ट्यून परत आणायचं सगळ्यात मोठं काम २०२१ च्या स्पायडरमॅन नो वे होममध्ये झालंय. संगीत मायकल जियाकिनो. आणि त्याच्या पुढ्यात काय काय होतं बघा, एल्फमनच्या जुन्या स्पायडरमॅनच्या थीम्स, जेम्स हॉर्नरची २०१२ ची, झिमरचं २०१४ चं काम, आणि वर त्याची स्वतःची. पुलावर जुना खलनायक डॉक्टर ऑक्टोपस येतो तेव्हा त्याचं जुनं संगीतही त्याच्या पाठोपाठ येतं. मी हा थिएटरात बघितला तेव्हा २०१२ चा स्पायडरमॅन अँड्र्यू गारफिल्डने मास्क काढला आणि शिट्ट्या, टाळ्या, समोरच्या रांगेतला मुलगा खुर्चीवर उभा, मला संगीताचा एक सूर ऐकू आला नाही. ते दोन वर्षांनी घरी हेडफोन लावून ऐकलं, आणि मग कळलं की जियाकिनोने ते अगदी हळू ठेवलंय, ओट्यावर कुणी काम करता करता गुणगुणावं तसं. हॉर्नर २०१५ मध्ये विमान अपघातात गेला. त्याची ट्यून सहा वर्षांनी अशी दबक्या पावलांनी आलेली ऐकून मला खरंच रडू आलं. पण हे सगळं मिळायला आधीचे स्पायडरमॅन बघितलेले पाहिजेत. एकच रात्र आणि पाटी कोरी असेल तर अर्ध्याहून जास्त गोष्टी डोक्यावरून जातील.

तर मग ठरवायचं कसं? मूळ सुपरमॅन लहानपणी बघितलाय आणि ती ट्यून पूर्ण, भरगच्च, नव्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकायचीय, तर रिटर्न्स. घरात लहान मुलं आहेत किंवा तुम्हाला जुन्या चालीचं नवं रूप बघायचंय, तर २०२५ चा, माझं मत ह्यालाच. स्पायडरमॅन तोंडपाठ असेल तर मात्र विचारूच नका, नो वे होम, आणि हेडफोन लावून. जस्टिस लीग अख्खा बघायला बसू नका, तुकडे बघा. आणि कुणी म्हणत असेल की हे जुनंच काय उगाळत बसता, नवीन करा की, तर त्यांच्यासाठी मॅन ऑफ स्टील आहेच, आणि हो, २०२५ च्याच जुलैमध्ये सुपरमॅनच्या पाठोपाठ फँटास्टिक फोर आला, त्यात जियाकिनोने कोरी करकरीत थीम दिलीय, नाव गाणाऱ्या कोरससकट, आणि ती पण ओठांवर बसते.

भाचीने माझं ऐकलं नाही. तिने मॅन ऑफ स्टील लावला, ड्रम्ससाठी. रात्री साडेअकराला फोन, की मावशी भारी होतं पण आता ते १९७८ चे टायटल्स कुठे मिळतील ते पाठव, आईला म्हणून दाखवायचंय आणि मला ते नीट येत नाहीये.