एसएफए की एससीपी? रोबोटिक थिएटरमधली पुढची पायरी

ब्रिटनच्या एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) स्क्रब नर्स (शस्त्रक्रियेत निर्जंतुक हातांनी उपकरणं देणारी नर्स) किंवा ओडीपी (ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर, म्हणजे थिएटरमधला नर्स नसलेला प्रशिक्षित कर्मचारी) म्हणून काही वर्षं काढली की दोन वाटा समोर येतात: सर्जिकल फर्स्ट असिस्टंट (एसएफए) आणि सर्जिकल केअर प्रॅक्टिशनर (एससीपी). दोन्हींना डॉक्टर असावं लागत नाही. इंग्लंडमध्ये २०२३-२४ साली रोबोटच्या साहाय्याने सुमारे ७०,००० शस्त्रक्रिया झाल्या. २०३५ पर्यंत वर्षाला ५ लाखांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे दोघांनाही काम आहेच.

पण फक्त रोबोटसाठी एससीपी करू नका. रोबोट एसएफएलाही मिळतो.

डा विंची या सर्जिकल रोबोटवर सर्जन कन्सोलला (रोबोट चालवायच्या टेबलाशी) बसतो, बिनगाऊनचा, पेशंटपासून थोडा लांब. चार यांत्रिक हातांच्या गर्दीत पेशंटच्या पोटाशी उभे असता तुम्ही. सक्शन, इन्स्ट्रुमेंट बदलणं, काढलेला भाग पिशवीत घेणं तुमच्याकडे. अचानक रक्तस्राव झाला आणि पोट उघडायचं ठरलं, तर इन्स्ट्रुमेंट काढून, कॅन्युला (पोटात घातलेल्या नळ्या) रोबोटच्या हातांपासून सोडवून रोबोट मागे घ्यायचा. सर्जन स्क्रब होऊन (हात धुऊन, निर्जंतुक गाऊन घालून) येईपर्यंत निर्जंतुक हात तुमचे आणि स्क्रब नर्सचेच. या प्रसंगाचा सराव टीम करते का, हे नोकरी घेण्याआधी विचाराच.

एसएफएचं काम थिएटरपुरतं, सर्जनच्या थेट देखरेखीखाली. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करायची नाही. म्हणून क्लिप (रक्तवाहिनी बंद करायचा चिमटा) कोण लावणार, हे लेखी घ्या. त्याच केसला स्क्रबचं कामही गळ्यात पडत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. ही दोन कामं वेगळी असावीत.

एससीपीला साधारण दोन वर्षांचं मास्टर्स पातळीचं शिक्षण लागतं. नोकरी, असाइनमेंट आणि लॉगबुक सांभाळताना घरचे हाल होतात, तेव्हा घरी आधी बोलून घ्या. बदल्यात कन्सल्टंटच्या (वरिष्ठ सर्जनच्या) देखरेखीखाली पोर्ट घालणं (उपकरणांसाठी पोटात छोटी नळी बसवणं), जखम शिवणं, क्लिनिक आणि वॉर्ड मिळतो. मी स्वतः एससीपी आहे: काल शिवलेल्या पाच-सहा छोट्या जखमा आज सकाळी वॉर्डात मीच तपासते. पेशंट मला नावाने ओळखतो. मला हेच हवं होतं. थिएटरमध्येच मन रमत असेल तर एसएफए मुळीच कमी नाही.

ओडीपींनी एक लक्षात ठेवावं: नर्सप्रमाणे स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. वॉर्डच्या कामात हे अडतं.

एससीपी ट्रेनीची जागा निघाली तर आधी रोटा (कामाचं वेळापत्रक) मागून बघा. क्लिनिकला किती वेळ, वॉर्डला किती, आणि पोर्ट घालायला शिकवणारा कन्सल्टंट कोण? त्याचं नाव कुणालाच सांगता आलं नाही, तर अर्ज करू नका.