घोडबंदर रोडवरच्या खोलीत रीपर

मेटल संगीत वाजवणाऱ्याने घरच्या ध्वनिमुद्रणासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रश्न ठाण्यातल्या चार-पाच मुलांनी मला गेल्या वर्षभरात विचारला आणि प्रत्येकाला मी रीपरचेच नाव सांगितले. नाव सांगून भागत नाही, कारण पुढचा प्रश्न ‘एवढे स्वस्त आहे म्हणजे कच्चे असणार ना?’ हा ठरलेलाच असतो. तीन वर्षे हेच सॉफ्टवेअर रोज वापरल्यानंतर त्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

रीपर ज्याने घडवले त्या जस्टिन फ्रँकेलचे काम माझ्या वयाच्या बहुतेकांनी नकळत वापरलेले आहे. १९९७ साली आलेला, संगणकावर गाणी वाजवणारा विनॅम्प त्याचाच. घरात पहिला संगणक आला, मित्राकडून सीडीवर भरून आणलेली गाणी त्यावर लावली आणि डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेली गिटार पहिल्यांदा कानावर पडली, ती विनॅम्पमधून. त्याची कंपनी १९९९ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने विकत घेतली. पुढे तिथून बाहेर पडून त्याने कोकोस नावाची छोटी कंपनी काढली आणि तिथे रीपर तयार झाले. आजही विंडोजसाठीची त्याची फाइल साधारण १५ एमबीची आहे. याच कामाची इतर सॉफ्टवेअरे कित्येक जीबी उतरवायला लावतात, तेव्हा हा आकडा वाचून शंका येणे स्वाभाविक आहे. पण त्या जीबींमधला मोठा भाग तयार आवाजांचा असतो आणि रीपरसोबत तसे आवाज जवळजवळ येतच नाहीत. ही त्याची उणीवही आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आधी पैशांचे सांगतो, कारण माझ्यासाठी गोष्ट तिथूनच सुरू झाली. पूर्वी मी दरमहा पैसे भरावे लागणारे एक सॉफ्टवेअर वापरत होतो. कार्डावरून आपोआप पैसे जाण्याचे नियम बदलले त्या काळात माझा एक हप्ता गेला नाही, सॉफ्टवेअरने दार लावून घेतले आणि अर्धवट मिक्स केलेली दोन गाणी माझ्याच लॅपटॉपवर असूनही मला उघडता येईनात. गाणे माझे, आवाज माझा, आणि परवानगी मात्र दुसऱ्याची, हे मला सहन झाले नाही. रीपर पहिले ६० दिवस कुठलीही सोय न अडवता पूर्ण वापरू देते. त्यानंतरही ते बंद पडत नाही. सुरू करताना परवाना घेण्याची आठवण करून देणारी खिडकी तेवढी उघडते. व्यक्तिगत वापरासाठी, किंवा यातून होणारे वार्षिक उत्पन्न २०,००० डॉलरपेक्षा अधिक नसेल तर, परवाना ६० डॉलरला मिळतो. त्यापुढच्या व्यावसायिकांसाठी तो २२५ डॉलरला आहे. दोन्हींत सॉफ्टवेअर तेच, एकही कळ कमी नाही. सातव्या आवृत्तीला घेतलेला परवाना आठवी मालिका संपेपर्यंत चालतो. वापरणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारा व्यवहार मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात क्वचित पाहिला आहे, आणि म्हणूनच हे पैसे मी साठाव्या दिवसाची वाट न पाहता भरले.

आता प्रत्यक्ष काम. मी कासारवडवलीला राहतो. रात्री अकरानंतर घोडबंदर रोडवर अवजड वाहनांची रांग लागते, त्यामुळे ॲम्प्लिफायरसमोर माईक ठेवून गिटार घेणे इथे शक्य नाही; शेजारधर्माचा प्रश्न तर आहेच. गिटार थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे तिचा आवाज संगणकात नेणाऱ्या डबीत लावायची आणि ॲम्प संगणकात उभा करायचा, हा एकच मार्ग उरतो. अशा वेळी तार छेडल्यापासून आवाज हेडफोनमध्ये येईपर्यंतचा विलंब जीवघेणा ठरतो. आमचे एक गाणे मिनिटाला १९० ठोक्यांच्या लयीत आहे. त्यात एका ठोक्याचा चौथा भाग अवघा ७९ मिलिसेकंदांचा होतो. तळव्याने तार दाबून वाजवलेल्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात, १५ मिलिसेकंदांची ढिलाई आली, तरी हात अडखळतो. माझ्या सात वर्षे जुन्या लॅपटॉपवर ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवून, म्हणजे एका बाजूने तीन मिलिसेकंदांहूनही कमी विलंबात, रीपर चार गिटार आणि पूर्ण ड्रमसंच न कुरकुरता चालवते. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये याच यंत्रावर मला बफर चौपट करावा लागत असे.

दुसरी गोष्ट हातांची. एकटा माणूस गिटार घेऊन बसला की दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि अवघड रिफ तीस-चाळीस वेळा वाजवल्याशिवाय मनासारखी उतरत नाही. रीपरमध्ये अनेक आज्ञा एकापुढे एक जोडून आपली स्वतःची आज्ञा बनवता येते. ‘थांब, आत्ता घेतलेले पुसून टाक, रिफच्या आरंभाला जा, पुन्हा घ्यायला लाग’ एवढे सगळे मी एका पायपेडलवर बसवले आहे. चूक झाली की पाय दाबायचा. पुढच्या चार ठोक्यांत पुन्हा वाजवायला सज्ज. या एका सोयीने माझ्या वाजवण्यात जो फरक पडला, तो कोणत्याही महागड्या प्लगइनने, म्हणजे आवाज घडवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरने, पडला नव्हता. त्यातच २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने एकाच ट्रॅकवर अनेक प्रयत्न एकाखाली एक मांडून त्यांतले चांगले तुकडे माऊसने निवडण्याची पद्धत फार सुटसुटीत केली आहे.

ट्रॅकची रचनाही मला मनापासून आवडते. इथे ध्वनीचा ट्रॅक वेगळा, मिडीचा (आवाज नव्हे, फक्त कोणता सूर कधी वाजला याची नोंद) वेगळा, समूहाचा वेगळा असा जातिभेद नाही. डावीकडच्या दोन आणि उजवीकडच्या दोन गिटार एका ट्रॅकच्या पोटात टाकल्या की तोच त्यांचा समूह होतो. ८० हर्ट्झखालचा गाळ काढणारा एक इक्वलायझर त्यावर लावला की बेस आणि किक ड्रमला जागा मोकळी होते. सोबत मिळणारे प्लगइन दिसायला अगदी ओबडधोबड असले तरी कामाला पक्के आहेत. रीगेट रिफच्या दोन घावांमधली शांतता धारदार करते, रीव्हर्बमध्ये स्पीकर कॅबिनेटचा इम्पल्स, म्हणजे त्याच्या आवाजाची नोंदलेली छाप, भरता येतो, आणि रीफिर खोलीतल्या पंख्याच्या घरघरीचा नमुना घेऊन ती गाण्यातून वजा करते. मे महिन्यात पंखा बंद करून, गोधड्या टांगलेल्या कपाटात तोंड घालून आमच्या गायकाने ग्रोल, म्हणजे मेटलमधले घशातले गुरगुरते गायन, दिले आहेत. त्याचे हाल ज्या दिवशी बघवले नाहीत, त्या दिवशी रीफिर उपयोगी पडले.

उणिवांबद्दल मला तितकेच स्पष्ट बोलायचे आहे. पहिला आठवडा कठीण जातो. मेनूमध्ये मेनू, त्यात आणखी मेनू, आणि पसंतीच्या नोंदींची (सेटिंग्जची) खिडकी तर सरकारी अर्जासारखी लांबलचक. नवख्याला हाताला धरून नेणारे त्यात काही नाही. अधिकृत संकेतस्थळावर केनी जोइया यांचे व्हिडिओ आहेत, तेवढाच आधार, पण तो भक्कम आहे. त्याहून मोठी अडचण ड्रमची. आमचा ड्रमर ऐरोलीला राहतो आणि इलेक्ट्रॉनिक संचावर वाजवून मला मिडी पाठवतो. त्या मिडीला देण्यासारखा एकही ड्रमचा आवाज रीपरमध्ये नाही. सोबतच्या सॅम्पलरमध्ये (नोंदलेले आवाज मिडीवर वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये) स्नेअर, किक, टॉम एकेक करून भरण्यात माझे दोन रविवार गेले, आणि दोन पायांनी वाजवायचा डबल बेस ड्रम यंत्रासारखा वाजू नये म्हणून शेवटी ड्रमचे वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावेच लागले. मेटल करणाऱ्याने रीपरच्या किमतीत हा खर्च आधीच धरावा. ज्याला तयार आवाज आणि तयार लूप घेऊन एका संध्याकाळी गाणे उभे करायचे असेल, तर हे सॉफ्टवेअर त्याच्यासाठी नाही, असेच मी सांगेन.

महागड्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात आवाजच चांगला येतो, हे आपल्याकडे सरावाच्या खोल्यांमध्ये छातीठोकपणे सांगितले जाते. मला ते साफ अमान्य आहे. ट्रॅकची बेरीज करणारे गणित सगळीकडे सारखेच. गिटारचा दर्जा ठरतो तो नव्या तारांवर, नेमक्या सुरावर आणि उजव्या हातावर. ॲम्पसाठी मी न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मोफत प्लगइन वापरतो आणि आमच्या मिक्सला कमी पडले ते नेहमी वाजवणे, रीपर कधीच नाही.

ज्यांना वापरून पाहायचे आहे त्यांनी ते गणपती उरकल्यावर उतरवून घ्यावे. त्या दिवसांत ढोल-ताशांमुळे ठाण्यात माईक उघडता येत नाही, आणि ६० दिवसांतले निदान दहा तरी तसेच निघून जातात.