‘टीम प्लेअर’ व्हायचं नसेल तर अपवर्क चालेल, पण कॉन्ट्रॅक्ट फिक्स्ड प्राइसचंच घ्या

नोकरीच्या जाहिरातीत ‘टीम प्लेअर हवा’ असं छापलेलं असतं. रोजच्या भाषेत त्याचा अर्थ सकाळी स्टँडअप, दुपारी सिंक कॉल आणि संध्याकाळी ‘दोन मिनिटं बोलू या का?’. ज्यांचं काम दार लावून सलग तीन तास बसलं तरच नीट होतं, त्यांना कुणी ना कुणी अपवर्क, म्हणजे फ्रीलान्स कामं मिळवून देणारी वेबसाइट, सुचवतोच. सुचवणारा हे मात्र सांगत नाही की तिथे एकाच पाटीखाली दोन दुकानं आहेत. एकात तासावर मजुरी, दुसऱ्यात उक्तं काम, म्हणजेच फिक्स्ड प्राइस. पहिल्यात पाळत आहे, मोकळीक फक्त दुसऱ्यात.

याला इतिहासही आहे. ईलान्स (१९९९) आणि ओडेस्क (२००३) या दोन कंपन्या २०१३ मध्ये एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये ‘अपवर्क’ हे नाव आलं. ओडेस्कची ओळखच स्क्रीनवर नजर ठेवणाऱ्या ट्रॅकरची होती. तो ट्रॅकर आजही तासाच्या कॉन्ट्रॅक्टचा कणा आहे.

तो चालतो असा: सुरू केला की दर दहा मिनिटांच्या तुकड्यात केव्हातरी एक स्क्रीनशॉट, सोबत कळा किती दाबल्या आणि माउस किती वेळा चालला याची मोजदाद. काय टाइप केलं ते नोंदत नाही, फक्त आकडा. एखादा स्क्रीनशॉट नको असेल तर काढता येतो, पण त्यासोबत ती दहा मिनिटंही बिलातून जातात. वहीवर आकृती काढत विचार करणाऱ्याची दहा मिनिटं इथे कोरी दिसतात. तास हाताने भरायची सोय आहे, पण त्या तासांना पैशाचं संरक्षण नाही. क्लायंटने हरकत घेतली की ते गेलेच म्हणून समजा. हिशेबाचा आठवडा आपल्या घड्याळाने सोमवारी पहाटे साडेपाचला संपतो, दुरुस्तीला त्याच संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ असतो आणि पैसे हातात पडतात पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. शिस्त चोख आहे. पण ऑफिसातला साहेब तरी दर दहा मिनिटांनी खांद्यावरून डोकावत नव्हता.

उक्त्या कामात ट्रॅकर नाही. क्लायंट माइलस्टोनची, म्हणजे कामाच्या एका टप्प्याची, रक्कम आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यात, ठेवतो. आपण काम देतो, तो मंजूर करतो, मग पाच दिवसांनी रक्कम काढता येते. चौदा दिवसांत त्याने मंजुरीही दिली नाही आणि बदलही मागितले नाहीत, तर पैसे आपोआप सुटतात. नवखे दोन ठिकाणी फसतात. पहिलं, कॉन्ट्रॅक्ट सुरू झालं म्हणजे पैसे भरले गेले असं नव्हे. माइलस्टोनसमोर ‘फंडेड’ दिसेपर्यंत फाइल उघडूसुद्धा नका. दुसरं, तयार काम चॅटमध्ये जोडून ‘प्लीज चेक’ लिहिलं तर चौदा दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. ते फक्त काम सादर करण्याच्या बटणाने सुरू होतं. कित्येकांचे पैसे महिना महिना अडकतात ते या एका बटणापायी.

माइलस्टोन पाडतानाच पुढच्या मीटिंगा टळतात. ५०० डॉलरचं काम असेल तर पहिला तुकडा १०० ते १५० चा ठेवा आणि त्यात नमुना द्या: अनुवाद असेल तर पहिली दोन पानं, कॅडचं ड्रॉइंग असेल तर एक शीट. सूर, फॉन्ट, मापं यांवरचे सगळे वाद तिथेच मिटतात. वर्णनात तीन ओळी हव्यातच: एक, कोणत्या फाइली कोणत्या स्वरूपात मिळतील; दोन, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, त्यापुढे नवा माइलस्टोन; तीन, प्रश्न लेखी, उत्तर एका कामाच्या दिवसात. या तिसऱ्या ओळीने फोन जितके कमी होतात तितके कुठल्याही हेडफोनने होत नाहीत. ज्याला बोलायला नको वाटतं पण लिहायला आवडतं, त्याचं इथे जमतं. ज्याला दोन्ही नको, त्याने या वाटेला जाऊ नये.

आता खिशाचं. पूर्वी एका क्लायंटकडच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के फी होती आणि काम वाढेल तशी ती १० आणि ५ वर यायची. मे २०२३ पासून सरसकट १० टक्के झाली. मे २०२५ पासून नव्या कॉन्ट्रॅक्टना शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कितीही लागू शकते. प्रपोजल पाठवण्याआधी आकडा दिसतो आणि त्या कॉन्ट्रॅक्टपुरता तोच राहतो. तो न बघता बोली लावू नका. ५०० डॉलरवर १० टक्के धरले तर ५० गेले. स्वतःचा जीएसटी क्रमांक नसेल तर फीवर १८ टक्के, म्हणजे आणखी ९. पॅन दिलेला असेल तर टीडीएस ०.१ टक्का, अर्धा डॉलर (पॅन नसेल तर ५ टक्के). बँकेत काढायला ०.९९. उरले ४३९.५१. त्याशिवाय प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स, म्हणजे अपवर्कची विकतची टोकनं, लागतात, एक १५ सेंटचं. एका प्रपोजलला १६ लागले आणि दहातून एक काम मिळालं, तर २४ डॉलर तिथेच खर्च. रुपयात बदलताना दरातली तूट वेगळी. थोडक्यात, शंभरातले ऐंशीच्या आसपास हातात येतील असं धरून दर ठरवा.

आणि ज्याच्यापासून पळून आलो तो ‘टीम प्लेअर’चा रकाना इथेही आहेच. काम संपल्यावर क्लायंट ज्या सहा गोष्टींना तारे देतो, त्यांत कौशल्य, दर्जा आणि मुदत यांच्या बरोबरीने उपलब्धता, संवाद आणि सहकार्यही येतं. निम्मे गुण वागण्याचेच झाले. शिवाय एक गुप्त अभिप्राय असतो, तो आपल्याला कधीच दिसत नाही, पण जॉब सक्सेस स्कोअरमध्ये, म्हणजे अपवर्क आपल्या कामाला देतं त्या टक्केवारीत, धरला जातो. प्रोफाइलवरच्या ‘टॉप रेटेड’ बिल्ल्याला हा स्कोअर किमान ९० टक्के लागतो. काम उत्तम पण चार दिवस गप्प, अशा माणसाचा स्कोअर इथेच घसरतो आणि का घसरला ते त्याला कळतही नाही. यावर उपाय साधा आहे: दर दोन दिवसांनी तीन ओळींचा निरोप. झालं काय, उरलं काय, अडलं कुठे.

काम निवडताना जाहिरातीची भाषा वाचा. ‘जॉइन अवर टीम’, ‘डेली चेक-इन’, ‘आठवड्याला ४० तास’, ‘अमेरिकेच्या वेळेत ओव्हरलॅप’ असं असेल तर ती नोकरीच आहे, फक्त पीएफ नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. रात्रीचं जेवण लॅपटॉपसमोरच. याउलट मूळ फाइल जोडलेली, शेवटी काय हवं ते एका वाक्यात लिहिलेलं, ‘पेमेंट व्हेरिफाइड’ (क्लायंटची पैसे भरायची सोय तपासलेली), आणि त्याने आधी नेमलेल्यांची संख्या टाकलेल्या जाहिरातींच्या जवळपास, असं दिसलं तर बोली लावा. सबटायटल, अनुवाद, हिशेबांची जुळवणी, ड्रॉइंग, एखादा ठरावीक बग: ही कामं एकट्याने पूर्ण होतात. ब्रँडिंग आणि ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ ही होत नाहीत. कॉन्ट्रॅक्टआधीच टेलिग्रामवर बोलावणारा किंवा अनामत मागणारा ठग असतो, त्याला उत्तरसुद्धा देऊ नका. चांगला क्लायंट बाहेर नेऊन फी वाचवायचा मोह झाला तर अटींमधली दोन वर्षांची बंदी आठवा: ओळख झाल्यापासून तेवढा काळ पैशाचा व्यवहार अपवर्कवरूनच. खातं बंद झालं की मिळवलेले तारेही जातात.

नोकरी न सोडता सुरुवात करणार असाल तर आधी नेमणुकीचं पत्र काढा आणि दुसऱ्या कामाविषयीचं कलम वाचा. २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांचं काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं. कलमात ‘लेखी परवानगीशिवाय’ असे शब्द असतील तर परवानगी मागायला जागा आहे. सरसकट मनाई असेल तर प्रोफाइल सार्वजनिक करू नका, कारण एचआरलाही गूगल वापरता येतं.