बिलात सीजीएसटी ९, एसजीएसटी ९ आणि माझे गेलेले ६९,७१८ रुपये

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे. गेली चौदा वर्षं घरी बसून अकरा दुकानदारांची कराची कामं करते, जीएसटी आल्यापासून जीएसटीची. ओटीपी कुणाला सांगू नये हे मी स्वतः सासूबाईंना चारदा समजावलंय. तरीही १९ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी माझे ६९,७१८ रुपये गेले. तीन महिने हे नातेवाइकांपासून लपवलं. आज लिहितेय कारण परवा ओळखीतल्या एकीने अगदी असाच ‘कस्टमर केअर’चा नंबर नेटवर शोधून काढला होता आणि फोन लावणार होती.

जुना लॅपटॉप भाचीला द्यायचा होता. त्याआधी सगळं पुसून तो नव्यासारखा करायचा, म्हणजे फॅक्टरी रीसेट. फाइली आदल्या दिवशीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या, तेवढं एकच शहाणपण. लॅपटॉप सुरू होताना एफ ११ दाबलं, रीसेट निवडलं आणि निळा पडदा आला : बिटलॉकरची (म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडी! मी आयुष्यात असली काही की ठेवलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी २० तारीख, थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची मुदत. तीन दुकानांचं काम बाकी होतं आणि हिशेबाचं टॅली त्याच लॅपटॉपवर. नवा आणला होता, पण त्यावर अजून काहीच चढवलेलं नव्हतं. घाम फुटला.

त्या निळ्या पडद्यावरच की कुठे मिळेल त्याचा पत्ता छापलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन केलं की ती फुकट दिसते. विंडोजमध्ये ते खातं जोडताना बरेच लॅपटॉप स्वतःच डिस्कला कुलूप लावतात आणि की खात्यात ठेवून देतात. तो पत्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तो वाचला नाही. मोबाईल उचलला, लॅपटॉप कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर’ असं टाकलं आणि जो पहिला नंबर वर आला त्यावर फोन केला. नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डावरून, नाहीतर कंपनीची साइट स्वतः टाइप करून. शोधात वर कोण येतं ते पैसे देऊनही ठरतं.

माणूस अतिशय गोड बोलणारा. “आप टेन्शन मत लो मॅडम, सर्व्हर से अनलॉक हो जाएगा.” चार्ज १,४९९, यूपीआयने भरा. भरले. मग म्हणाला, लॅपटॉप पूर्ण बंद करा, पाच मिनिटं थांबा, आता काही न दाबता चालू करा. केला. विंडोज उघडलं!

इथेच मी मेले. एकदा काम झालं म्हटल्यावर माणूस खरा, असंच ना कुणालाही वाटणार? भाच्याने नंतर सांगितलं, “मावशी, लॅपटॉप लॉक झालाच नव्हता गं. तू एफ ११ दाबून रिकव्हरीत गेलीस म्हणून की मागितली. नुसता बंद करून चालू केला असतास तरी उघडला असता.” म्हणजे मी बटण दाबायचे दीड हजार दिले.

पुढे तो म्हणाला, रीसेट करण्याआधी सिस्टिमचा बॅकअप हवाच, नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही, रीसेट अर्धवट राहिलं तर विंडोजचं लायसन जाईल, नवीन घ्यायला बारा हजार. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला आणि लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली. ‘एरर, एरर, देखिए.’ तुमच्या आत्ता समोर असलेल्या कॉम्प्युटरवरही ती यादी तशीच निघेल, चांगल्या चालणाऱ्या मशीनवरही निघते. आणि लायसन कुठेही जात नाही. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, पुन्हा टाकलं की नेटवर आपलं आपण चालू होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि असायला तरी का हवं? मी रिटर्न भरणारी बाई.

बॅकअपचे ४,००० अधिक जीएसटी. १८ टक्के म्हणजे ७२०, एकूण ४,७२०. हिशेब पैशापर्यंत बरोबर, म्हणून बरंच वाटलं. व्हॉट्सॲपवर बिलही आलं. ते बिल अजून आहे माझ्याकडे आणि रोज रात्री डोळ्यांसमोर येतं. पत्ता बेंगळुरूचा. जीएसटी नंबर ०७ ने सुरू, म्हणजे दिल्ली. कर्नाटक २९ असतं. आणि खाली सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के, ही केंद्र-राज्याची जोडी एकाच राज्यातल्या विक्रीला लागते. विकणारा परराज्यातला, मी महाराष्ट्रातली, मग दोन राज्यांमधल्या विक्रीचा आयजीएसटी लागायला हवा. असलं बिल आमच्या किराणावाल्या काकांकडून आलं असतं तर मी वरूनच परत पाठवलं असतं. ‘काका, हे चालणार नाही.’ चौदा वर्षं असल्याच चुका पकडायचे पैसे घेते मी. आणि त्या दिवशी बिल उघडलं, एकूण रक्कम पाहिली आणि पैसे पाठवले.

त्यानंतर नाटक नेहमीचंच. चुकीच्या प्लॅनमध्ये पैसे गेले, ४,७२० परत करतो, फॉर्म भरा. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. अहो, पैसे मी यूपीआयने दिलेले, ते कार्डावर कसे परत येतील? हेही कळलं नाही. ‘बॅकअप व्हेरिफिकेशन कोड’ म्हणून मेसेज येईल म्हणाला. कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, चष्मा ओट्यावर राहिलेला, नुसते सहा आकडे वाचून दाखवले. त्याच मेसेजात पुढे ३८,९९९ लिहिलेलं होतं. पहिला कोड चुकला म्हणाला, दुसराही वाचला. २४,५०० गेले. खात्यातून रक्कम वजा झाल्याचे मेसेज लागोपाठ आले तेव्हा मी वायफायची पिनच भिंतीतून उपटली.

असं झालं तर आधी १९३०, मग रडा. ही राष्ट्रीय सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. मी पाऊण तासात तक्रार नोंदवली म्हणून ९,२०० रुपये पुढच्या खात्यात अडकवता आले. पण ते मिळवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले.

बँकेचं काय सांगू! त्याच रात्री कार्ड बंद करायला फोन केला तर आधी कर्जाची जाहिरात, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, मग तुटला. सकाळी शाखेत गेले. काउंटरवरच्या पोराने सगळ्या रांगेसमोर मोठ्याने विचारलं, “ओटीपी तुम्हीच दिला ना मॅडम?” मागे आमच्या सोसायटीतले दोघे उभे होते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं : ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायची ती बँकेने, आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा. साहेबांनी ते वाचलंही नाही, ‘कस्टमर निग्लिजन्स’ असं पेनाने माझ्याच अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं. पहिल्या ओटीपीला माझा निष्काळजीपणा, मान्य. पण माझ्या खात्यातून कधी पाच हजारांच्या वर ऑनलाइन खरेदी झालेली नाही, तिथे आठ मिनिटांत साडेत्रेसष्ट हजार जाताना त्यांना एक फोन करता येत नाही? ९० दिवस १८ डिसेंबरला भरले. पत्र नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. बँकेला लेखी अर्ज देऊन तीस दिवसांत उत्तर नाही आलं की टाकता येते, पोचपावती मात्र जपून ठेवा.

पोलीस ठाण्यात सांगितलं, हे सायबरचं काम. एसटीने जिल्ह्याला गेले, तर तिथे म्हणाले तुमच्या हद्दीत गुन्हा दाखल करा. परत आले. तेव्हा साहेब बंदोबस्तावर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावी लागते, हे मी हवालदारांना सांगितलं तर म्हणतात, “ताई, तुम्ही वकील आहात का?” चौथ्या खेपेला एफआयआर झाला. बेंगळुरूचं स्पेलिंग तीनदा सांगावं लागलं.

लॅपटॉपचं म्हणाल तर भाच्याने रविवारी बसून केला. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथून ‘रीसेट’. सगळं काढून टाका, ड्राइव्ह साफ करा, क्लाउड डाउनलोड घ्या. त्याला साधारण चार जीबी नेट लागतं. की मागितलीच नाही, कारण चालू विंडोजमधून केलं. त्याआधी १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्हही बनवली, सिस्टिमचा बॅकअप म्हणतात तो बहुतेकांना तेवढाच पुरतो. खर्च पेनड्राइव्हचे ४२० रुपये.

ते बिल आणि तो नंबर दोन्ही पोलिसांकडे देऊन आता अडीच महिने झाले. काल भाच्याच्या फोनवरून तो नंबर लावून बघितला. तिसऱ्या रिंगला उचलला, आवाज तोच. “जी मॅडम, कस्टमर केअर, बताइए.”