व्याध, चंद्र की स्वाती: आकाश वापरायला आधी काय शिकायचं?

आकाशाकडे नुसतं बघायचं नाही, जुन्या लोकांसारखं ते वापरायचंय, असं ठरवलं तर तीन वाटा आहेत.

इजिप्तची वाट ऐकायला सगळ्यात झकास. आपल्याकडे गुरू-शुक्राचा अस्त असतो, तसा तिथे व्याधाचा, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याचा, सुमारे 70 दिवस अस्त असायचा; सूर्याच्या उजेडात तो दिसायचाच नाही. मग एका पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, तो पूर्वेला पुन्हा दिसायचा आणि त्याच सुमारास नाईलला पूर चढायचा. पण हे काम वाळवंटातल्या निरभ्र आकाशाचं. आपल्याकडे व्याध पहाटे परत दिसायची वेळ येते ऐन पावसाळ्यात. म्हणजे बघायचे ते ढगच.

आपली 27 नक्षत्रं म्हणजे चंद्राचे मुक्काम. चंद्र रोज साधारण 13 अंश पूर्वेला सरकतो. हात लांब करून धरलेली मूठ जवळपास 10 अंशांची, म्हणजे सव्वा मूठ मोजायची. आज तो लालसर रोहिणीपाशी असला, तर उद्या मृगाकडे गेलेला दिसेल. रस्त्यावरचे दिवे चंद्राचं काही बिघडवू शकत नाहीत, त्यामुळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने डोळे मिटून हेच निवडावं. घोटाळा एकाच ठिकाणी होतो. शेतकऱ्याचं ‘मृग लागलं’ वेगळं. 7-8 जूनला मृगात शिरतो तो सूर्य, त्यामुळे मृगाचे तारे तेव्हा दिसतच नाहीत. ते सगळं पंचांगाचं गणित, बेडूक-म्हैस वाहनांसकट.

तिसरी वाट प्रशांत महासागरातल्या नावाड्यांची. प्रत्येक तारा क्षितिजावर आपल्या ठरलेल्या जागीच उगवतो, तीच दिशा. तो वर चढला की त्या जागी उगवणारा पुढचा तारा धरायचा. 1976 मध्ये मायक्रोनेशियाच्या माऊ पियाईलुग यांनी ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला अशीच नेली, होकायंत्राशिवाय. याला क्षितिज मोकळं हवं. कोकणात किनाऱ्यावर घर असेल तर मावळतीच्या जागांवर सराव करता येईल. शहरात मात्र समोरची बिल्डिंगच आडवी येते.

तरी त्यातली एक गोष्ट मुंबईकरालाही जमते. होकुलेआ हे स्वातीच्या ताऱ्याचं हवाईतलं नाव. तो जिथे थेट माथ्यावरून जातो ते आपलं बेट, ही तिथल्यांची खूण. मुंबईही जवळपास त्याच अक्षांशावर, 19 अंश उत्तरेला. मे अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवर सतरंजी टाकून आडवं व्हायचं. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेली की नारिंगी स्वाती बरोबर नाकासमोर.