एसी नुसता वारा फेकतो? जळगावात हा मिस्तरी आधी मीटर लावतो, मगच गॅसचं बोलतो

आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा ४४-४५ ला जाऊन टेकतो, भुसावळला तर विचारूच नका, आणि अशा उन्हात गाडीत म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असलं की एसी ही काही चैन राहत नाही. आमच्या गाडीचा एसी धुळ्याहून येताना हायवेला बऱ्यापैकी गार लागायचा पण एरंडोलच्या गर्दीत गाडी थांबली की थोड्याच वेळात कोमट हवा, आई मागच्या सीटवर पदराने वारा घेत बसायची, बघवत नव्हतं. एका गॅरेजवाल्याला दाखवली होती, त्याने बॉनेट उघडल्या उघडल्या "गॅस संपला" सांगितलं, भरून दिला, पैसे घेतले, आणि काही आठवड्यात परत जैसे थे.

मग ओळखीच्या एकाने अजिंठा चौफुलीकडून एमआयडीसीकडे जाताना लागणारं हे छोटं दुकान सांगितलं. बोर्डवर नुसतं कार एसी लिहिलंय, आत दोन गाड्या कशाबशा मावतील एवढीच जागा. मी गॅस भरायला आलोय म्हटल्यावर तो मिस्तरी म्हणे, "गॅस काय पेट्रोल शे का भाऊ, जळी जाई? कोठे तरी लिक व्हई राहिना." आणि ते अगदी खरं आहे, एसीचा गॅस बंद पाईपात फिरतो, तो सरत नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी निघून गेला. ती जागा न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाईकाला परत यायला लावणं, आणि मला याचाच जास्त राग येतो कारण उन्हाळ्यात लोक घाईत असतात आणि गुपचूप पैसे देऊन जातात.

त्याने पहिलं विचारलं की चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम असं होतं का, मी हो म्हटलं तर लगेच पुढचा फॅन बघितला, कारण फॅन फिरत नसेल तरी असंच होतं, गाडी पळताना वारा आपोआप लागतो आणि थांबली की पुढची कंडेन्सरची जाळी तापते. फॅन चांगला निघाला. मग एसी फुल करून कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) क्लच टक्कन बसतो का ते ऐकलं, तोही बसत होता. मग गॅसचं प्रेशर दाखवणारा मीटर लावला, निळ्या (कमी प्रेशरच्या) पाईपाचा काटा २० पीएसआयच्या खाली, लाल (जास्त प्रेशरच्या) पाईपाचाही पाहिजे तेवढा वर नाही. एवढ्या उन्हात निळा निदान ३०-४० ला आणि लाल २०० च्या पुढे असायला हवा म्हणे. दोन्ही खाली म्हणजे गॅस कमी, आता शोधा कुठून गेला ते.

आणि ते त्याने मला बोटाने दाखवलं. कंडेन्सरला जो पाईप जोडलेला असतो त्या जोडावर काळा चिकट डाग होता, बाकी पाईपावर नुसती कोरडी धूळ आणि तिथे मात्र धूळ तेलात भिजून बसलेली. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरतं ना, म्हणून जिथून गॅस सुटतो तिथे तेलही पाझरतं. साबणाचा फेस लावला तर बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. आतली रबराची रिंग गेली होती, एवढीशी रिंग! आधीच्या गॅरेजवाल्याला तो डाग दिसला नसेल असं मला तरी पटत नाही.

उरलेला गॅस मशीनमधे ओढून घेतला (मोकळा सोडला नाही हे मला आवडलं), रिंग बदलली, आणि मग अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने पाईपातली हवा ओढून काढणं), पंप बंद करून काटा हलतो का तेही थांबून बघितलं. हे व्हॅक्यूम खूप जण टाळतात पण आत हवा आणि ओल राहिली तर कूलिंग पण येत नाही आणि पुढे कॉम्प्रेसर पण खराब होतो. गॅस अंदाजाने नाही, बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच, वजनकाट्यावर मोजून. जास्त भरला तरी एसी गार करत नाही हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

त्यात कंडेन्सरची जाळी धुतली तर धुळीबरोबर कापसाची रुई निघाली, आपल्याकडे जिनिंगच्या रस्त्यांनी हिवाळाभर गाडी फिरते त्याचं हे. आतली गरमी बाहेर टाकायचं काम त्या जाळीचंच, ती बुजली तर नवा गॅस भरून पण काय उपयोग. नंतर डॅशबोर्डवर गार हवा येते त्या जाळीत थर्मामीटर ठेवून उभ्या गाडीत १० डिग्री दाखवलं, बाहेर चाळीसच्या वर ऊन होतं.

सगळं मिळून अडीच हजाराच्या आत झालं आणि जुनी रिंग हातात दिली. उणं म्हणाल तर बसायला सावली नाही, फोन उचलत नाही, आणि बिल मागितल्याशिवाय देत नाही, ते त्याने सुधारायला पाहिजे. कूलिंग कॉइल लिक असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, ते काम तो एका दिवसात होईल असं खोटं सांगत नाही. आणि हवेचा जोरच कमी असेल तर तिथे जाण्याआधी ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा, बऱ्याच गाड्यांत तो हाताने निघतो आणि आपल्या धुळीत लवकर बुजतो.

मे महिन्यात सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच जा, अकरानंतर रांग लागते, आणि काम चालू असताना बाजूला उभं राहिलेलं त्याला चालतं, विचारलं की काटे दाखवतो.