आधी 'कट्यार' की 'डिसायपल'?

गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. भाची चौदाची. पाच वर्षं गाणं शिकतेय, आणि हल्ली क्लासची वेळ झाली की नेमकं तिच्या पोटात दुखायला लागतं. "गाण्यावरचा एखादा सिनेमा दाखवते, जरा हुरूप येईल. 'कट्यार' लावू की तो नेटफ्लिक्सवरचा?" ताई म्हणाली. नेटफ्लिक्सवरचा म्हणजे 'द डिसायपल'. दोन्ही मराठी, दोन्ही शास्त्रीय संगीतावरचे, दोन्हींत गुरू, शिष्य, घराणं. साम्य इथेच संपतं. फोनवर मी तिला घाईघाईत काहीबाही सांगितलं, ते जरा नीट लिहावं म्हटलं. गाण्याच्या 'मध्यमा' परीक्षेपर्यंत शिकून गाणं सोडलेल्या बाईचं मत आहे हे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

'कट्यार काळजात घुसली' आला 2015च्या दिवाळीत. मूळ संगीत नाटक 1967चं: लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. ज्या घरांत नाट्यसंगीत ऐकलं जातं तिथे हे नाव देव्हाऱ्यातलं. त्यावर सिनेमा काढायचा म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची तयारी हवी. सुबोध भावेंनी दिग्दर्शनातला पहिलाच सिनेमा म्हणून तो घेतला आणि निभावला.

गोष्ट सरळ आहे. विश्रामपूर संस्थानात राजगायक कोण, याचा सामना. जिंकणाऱ्याला मान, हवेली आणि एक कट्यार, जिने केलेला एक खून माफ. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्यातलं वैर, आणि मधे सापडलेला पंडितजींचा शिष्य सदाशिव. पुढचं सांगत नाही. सांगितलं तरी फारसं बिघडणार नाही म्हणा, कारण इथे लोक गोष्टीसाठी बसत नाहीत, पुढचं गाणं कधी येतंय यासाठी बसतात.

गाणी मात्र अशी आहेत की दोष काढायचा असेल तर जागा शोधावी लागते. अभिषेकीबुवांची मूळ पदं आहेतच, त्यांत शंकर-एहसान-लॉय यांनी नवी भर घातलीय, आणि नवं-जुनं एकमेकांच्या अंगावर येत नाही. पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकर, आवाज राहुल देशपांडेंचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. पंडितजी स्वतः शंकर महादेवन. सदाशिव झालेत सुबोध भावे, गळा महेश काळेंचा. 'अरुणि किरणी'साठी काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'घेई छंद मकरंद' जरूर लक्ष देऊन ऐका. शब्द तेच, पण पंडितजींच्या तोंडी ते पद एखाद्याने सकाळी अंगणात सावकाश फिरावं तसं चालतं, आणि खाँसाहेबांकडे गेलं की त्याच शब्दांना घोड्याचे पाय फुटतात. घराणं म्हणजे काय, हे माझ्या बाईंनी वर्गात तासभर समजावलं होतं तेव्हा कळलं नव्हतं. इथे दोन गाण्यांत कळतं.

उणं काय? सुरमा घातलेले सचिन पिळगावकरांचे डोळे पहिल्या वीस मिनिटांतच सांगून टाकतात की हा माणूस वाकडा. खाँसाहेबांना थोडं अधिक संशयाचा फायदा देऊन रंगवलं असतं तर मला आवडलं असतं. बायकांच्या वाट्याला वाट बघणं आणि रडणं. उत्तरार्ध ताणलाय. लांबी अडीच तासांच्या वर जाते, त्यातली वीसेक मिनिटं सहज कापता आली असती. पण आजी, नातू आणि जेवायला आलेले शेजारी असं सगळं घर एका सोफ्यावर बसून बघू शकतं, आणि संपल्यावर दोन दिवस कुणी ना कुणी 'सूर निरागस हो' गुणगुणत फिरतं. आमच्याकडे तर कामाच्या मावशी गुणगुणत होत्या.

आता 'द डिसायपल'. चैतन्य ताम्हाणेंचा हा दुसरा चित्रपट, 'कोर्ट'नंतरचा. 2020मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. 2001च्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर तिथे पोचलेला पहिला भारतीय सिनेमा. पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. एप्रिल 2021च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आला. ही माहिती सांगितली की ताईसारखी माणसं लगेच म्हणतात, "म्हणजे कंटाळवाणा असणार." थोडासा आहेच, खोटं कशाला बोला. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. अर्ध्या रिकाम्या सभागृहात कुणी गातंय, पुढच्या रांगेत चार म्हातारी माणसं, आणि आपण त्यांच्याइतकाच वेळ तिथे बसायचं.

शरद नेरूळकर मुंबईतला. गुरुजींकडे शिकतो, त्यांचे पाय चेपतो, डॉक्टरकडे नेतो, जुनी ध्वनिमुद्रणं सीडीवर आणणाऱ्या माणसाकडे काम करतो, मैफलीबाहेर टेबल मांडून सीड्या विकतो. स्पर्धेत उतरतो, नंबर येत नाही. रियाज करतो, करतो, करत राहतो. गाणं चुकीचं नाही त्याचं. नुसतं उमलत नाही. मला अख्ख्या सिनेमात भिडलं ते हे. चुकीचं गाणाऱ्याला सुधारता येतं. बरोबर गाऊनही ज्याचं होत नाही त्याला कुठल्या क्लासला घालायचं?

शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड, दोघेही खरे गायक. कुणी ओठ हलवून वेळ मारून नेत नाही. तान घेताना मधेच श्वास कमी पडला की मोडकांच्या मानेवरची शीर दिसते, आणि गुरुजी तोंडाने काही न बोलता तीच जागा पुन्हा घेऊन दाखवतात. ज्याने कधी गुरूंसमोर बसून तोच आलाप चौथ्यांदा चुकवलाय, त्याच्या हाताला इथे घाम येतो. माझ्या आला.

आणि माईंचा आवाज. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू, पडद्यावर कधी न दिसणाऱ्या. त्यांनी गाणं कधी ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. मागे उरली ती त्यांची टेपवरची भाषणं. रात्री रिकाम्या रस्त्यावरून शरद मोटरसायकलवर अगदी संथ गतीने चाललाय, कानात माई साधनेबद्दल बोलतायत, खाली तंबोरा. हा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. सिनेमा नेटफ्लिक्सवर यायच्या अकरा दिवस आधी त्या गेल्या. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा ही बातमी ताजी होती, त्यामुळे त्या आवाजाबद्दल माझं मत तटस्थ नाही.

यातही खटकणारं आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतली साधी मुलगी बघता बघता चकचकीत होते, तो धागा फार सोपा. तसला टोमणा एरवी इतक्या संयमी सिनेमाला शोभत नाही. आणि ताईसाठी महत्त्वाचं: यात रात्री शरद एकटा लॅपटॉपसमोर बसतो असे प्रसंग आहेत, जे चौदा वर्षांच्या मुलीशेजारी बसून बघताना रिमोट शोधावा लागेल.

मग कुठला?

भाचीला 'कट्यार', यात मला शंका नाही. तिला गाण्याचा कंटाळा आलाय, आणि या सिनेमात गाणं म्हणजे जिवाची पैज आहे. चौदाव्या वर्षी तेवढी अतिशयोक्ती पचते, हवीही असते. मात्र एक सूचना. बघून झाल्यावर लगेच "बघ, असा रियाज करायचा असतो" म्हणू नकोस, ताई. मग परत पोटात दुखेल.

'डिसायपल' तू बघ. एकटी, भाची झोपल्यावर. कारण त्यात शरदचे वडीलही आहेत. स्वतःला गाणं जमलं नाही, म्हणून पोराला लहानपणीच धरून बसवणारे. वाईट नाहीत, प्रेमळ आहेत, आणि म्हणूनच ते प्रसंग बोचतात. तुझं स्वतःचं गाणं लग्नानंतर सुटलं, हे तू मला निदान पन्नास वेळा सांगितलंयस. मी एवढंच म्हणते, आणि इथेच थांबते.

आणखी एक, अगदी व्यवहाराचं. दोन्ही सिनेमे फोनवर बघू नका. 'कट्यार' निदान गाण्यांच्या जोरावर तरून जातो. 'डिसायपल'मध्ये सतत वाजणारा तंबोरा फोनच्या स्पीकरवर माशीसारखा ऐकू येतो आणि अर्धा सिनेमा तिथेच मरतो. टीव्हीला साउंडबार नसेल तर सरळ हेडफोन लाव. शेवटचा लोकलच्या डब्यातला प्रसंग तर हेडफोनशिवाय बघूच नकोस. बघितलास की रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर, मी जागी असेन.